बायको घरून नोकरी करते, घरात दोन लहान मुलं आहेत. तिची कदर करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही घणसोलीला राहता. रोज ट्रान्स हार्बरनं ठाण्याला आणि तिथून गाडी बदलून परळला ऑफिसला जाता. बायको एका विमा कंपनीसाठी क्लेम तपासायचं काम घरून करते. मुलगा साडेचार वर्षांचा, मुलगी चौदा महिन्यांची. मदतीला तुमच्या आई गावाहून येऊन राहिल्या आहेत. मदर्स डेला तुम्ही केक आणि चांगली साडी आणलीत. तिनं "छान आहे" म्हटलं आणि थोड्या वेळानं बाथरूममधून रडण्याचा आवाज आला. "तिची मला मनापासून कदर आहे, पण ती तिच्यापर्यंत पोचतच नाही, काय करू?" असं तुम्ही विचारलंय.

मी ऐरोलीत बरीच वर्षं पाळणाघर चालवते. डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. पण घरून काम करणाऱ्या आया मी रोज बघते, त्यांच्याशी दारात उभ्या उभ्या बोलते आणि त्यांची मुलं माझ्याकडे असतात. 2020 च्या आधी आया सकाळी पर्स खांद्याला, डबा हातात अशा यायच्या आणि मूल आत देऊन ठाण्याची नाहीतर वाशीची गाडी पकडायला पळायच्या. लॉकडाऊननंतर वेगळ्या आया यायला लागल्या. अंगावर घरचेच कपडे, पायात साध्या चपला, कानात हेडफोन आणि पलीकडे मीटिंग चालू. अकराला सोडतात, दीडला न्यायला येतात. "जेवलीस का गं?" विचारलं की बहुतेकींना आठवावं लागतं.

साडी आणलीत यात काहीच गैर नाही, तिला ती आवडलीही असेल. तुम्ही भेटवस्तूविषयी विचारताय, पण मला अडचण दुसरीकडे दिसते. तुमची बायको एकाच वेळी दोन नोकऱ्या करते आणि घरातल्या कुणालाच त्यातली एकही पुरती दिसत नाही. तुम्हाला ती संध्याकाळी दिसते, तेव्हा अर्धं संपलेलं असतं. तुमच्या आईंना लॅपटॉपसमोर बसलेली सून दिसते. तिच्या ऑफिसला दिसते कॅमेरा बंद ठेवणारी एक कर्मचारी. पूर्ण दिवस फक्त तिलाच ठाऊक असतो. मग एक दिवस केक येतो, आणि ज्या गोष्टीसाठी तो आला ती तर कुणी पाहिलेलीच नाही, असं वाटून रडू येतं. हा माझा अंदाज आहे. पण असं रडून गेलेल्या आया मी पाहिल्या आहेत.

तरी एक गोष्ट सगळ्यात आधी बघून घ्या. हे रडणं एखाद्या दिवसाचं आहे की दोन आठवड्यांहून जास्त चाललंय? मुलगी झोपली तरी हिला झोप लागत नाही, जेवण जात नाही, आवडीच्या कशातही मन लागत नाही, "माझ्याकडून काहीच धड होत नाही" किंवा "मी नसते तर बरं" असं काही बोलते, असं असेल तर माझं पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. बाळंतपणानंतरचं नैराश्य पहिल्या काही आठवड्यांतच येतं असं नाही, पुढच्या महिन्यांतही येतं. त्याला औषध आहे, उपचार आहेत. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन 14416 या नंबरवर दिवसरात्र चालते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासून घ्या. नुसत्या थकव्यासारखं दिसणारं कधी कधी रक्ताच्या रिपोर्टमध्ये निघतं.

ते नसेल, तर पुढचं बोलू. यातलं बरंच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. घर वन बीएचके असेल तर दार लावून काम करणं जवळपास अशक्य. तिचं काम फायली तपासायचं असेल तर ते मागेपुढे करता येतं, पण दिवसभर कॉल असतील तर नाही. मुलगी रात्री किती वेळा उठते, अजून अंगावर पिते का, आईंचे गुडघे कसे आहेत, हे मला इथे बसून कळणार नाही. त्यामुळे मी कारणं सांगते, त्यावरून तुमच्या घरात काय बसेल ते तुम्ही दोघं ठरवा.

माझ्याकडे दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक ताई असते. ती दुसरं कुठलंही काम करत नाही. स्वयंपाकाला वेगळ्या मावशी आहेत. ताईंनी फोन कपाटात ठेवायचा असा नियम आहे. दुपारी त्यांना अर्धा तास उठायला मिळतं, तेवढा वेळ मी बसते. हे लाड नव्हेत. चौदा महिन्यांचं मूल वीस मिनिटांत काय काय करतं ते बघा: चार्जरची पिन तोंडात, कुंडीतली माती मुठीत, सोफ्यावर चढून पलीकडच्या बाजूनं उतरायचा प्रयत्न, मग बाथरूमचं दार ढकलून बादलीत वाकणं. बादलीत वीतभर पाणी असलं तरी एवढ्या मुलाला ते जिवावरचं ठरू शकतं, म्हणून आमच्याकडे बादल्या पालथ्या असतात. हे सगळं मी पगार देऊन, माणसं नेमून करते आणि तरी संध्याकाळी ताई दमलेल्या असतात. तुमच्या घरी हेच काम चालू असताना तीच बाई कुणाचा तरी हॉस्पिटलचा दावा मंजूर करायचा की नाही हे ठरवत असते, आणि त्यात चूक झाली तर जाब तिलाच द्यावा लागतो.

तुम्ही म्हणाल, आई आहेत ना घरात. आहेत, आणि त्यांचे उपकारच आहेत. पण एक गोष्ट बाहेरून लक्षात येत नाही. मुलाची आई घरात असताना आजीनं त्याला सांभाळणं हे आई नसताना सांभाळण्यापेक्षा अवघड असतं. आमच्याकडे नवीन मूल आलं की दारात टाहो फोडतं. आई जिना उतरून गेली की दहा-पंधरा मिनिटांत खेळण्याकडे वळतं, कारण आई आता इथे नाही हे त्याला समजतं. पण आई काचेच्या दाराआड थांबून डोकावत राहिली तर ते रडायचं थांबत नाही. दहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत आईपासून दूर होण्याची भीती सगळ्यात तीव्र असते. तुमच्या मुलीला माहीत आहे की आई त्या दाराच्या पलीकडे आहे, तिचा आवाज येतोय, पण ती येत नाहीये. मग ती दारावर थापा मारणारच. आजी दमतात, मुलगी लाल होते, आणि आत बसलेल्या आईचे कान दाराकडे लागलेले असतात. म्हणजे तिघींचा दिवस एकदमच खराब जातो, आणि दोष कुणाचाच नसतो.

म्हणून पहिलं काम हे करा की दिवसातले ठरावीक दोन-तीन तास मुलगी आणि तिची आई यांच्यामध्ये नुसतं दार नको, खरं अंतर हवं. आजी तिला घेऊन खाली सोसायटीत फेरी मारतील, शेजारच्या ओळखीच्या घरी बसतील, सेक्टरची बाग उघडी असेल त्या वेळी तिथे नेतील. आईंना एवढं झेपत नसेल तर सोबतीला एखादी मुलगी पगारावर ठेवा. नाहीतर उलटं करा: बायकोनं लॅपटॉप घेऊन सोसायटीच्या ऑफिसात नाहीतर अभ्यासिकेत जाऊन बसावं. किंवा अर्धा दिवस पाळणाघर, त्याबद्दल शेवटी लिहिते.

आता दिवस दिसण्याबद्दल. माझ्याकडे नवीन ताई कामाला लागली की पहिले काही दिवस मी तिला मूल उचलायला देत नाही. एका कोपऱ्यात बसवते आणि वही देते. कोण किती जेवलं, कुणाची शी-शू कधी झाली, कोण किती वाजता झोपलं, कुणी कुणाला चावलं, कुणाचं अंग गरम लागलं, सगळं वेळ टाकून लिहायचं. लिहिता लिहिता तिला कळतं की जुनी ताई नुसती बसलेली दिसते तेव्हाही ती काहीतरी पाहत असते.

तुम्हीही हे करा. तिला कामाचा दिवस असेल आणि तुम्हाला सुटी असेल असा एखादा दिवस निवडा, नसेल तर एक रजा टाका. सकाळी नऊ ते एक घरी बसा आणि तिला कोण, कशासाठी, किती वेळा उठवतं ते लिहून काढा. पार्सलवाला, कचरा, गॅसचा सिलिंडर, "जिरं कुठं ठेवलंयस?", शाळेचा फोन, मुलीचा डायपर, महावितरणनं वीज घालवली म्हणून गेलेलं वायफाय, कुकरची शिट्टी. प्रत्येक वेळी ती उठली की परत बसून मघाशी वाचत असलेली ओळ शोधायला किती वेळ लागतो तेही लिहा. मध्ये पडून मदत करू नका, त्या दिवशी फक्त पाहा. मात्र हे का करताय ते तिला आधी सांगा, नाहीतर तिला पाळत ठेवल्यासारखं वाटेल. दुपारी ती वही तिच्यासमोर ठेवा आणि विचारा, "यातलं माझं कुठलं?" माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाच्या बाबांनी हे केलं होतं. नंतर ते मला म्हणाले की वही वाचून बायको रडली नाही, हसली, आणि त्यांनी न लिहिलेल्या दोन गोष्टी तिनं स्वतः पेनानं भरल्या.

हा फक्त तुमच्या घरातला प्रकार नाही. सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं की घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात आणि ती कामं करणारे पुरुष 97 मिनिटं. मुलं-माणसांची देखभाल यात धरलेली नाही, ती वेगळी मोजली होती: 134 आणि 76 मिनिटं. तुम्ही रोज लोकलमध्ये घासून येता, तुमचे कष्ट मला कमी लेखायचे नाहीत. पण एवढ्या तासांच्या जोडीला आठ तासांची नोकरी कुठे बसते ते एकदा शांतपणे मांडून पाहा.

वही झाली की पुढे काय, तर वाटणी. इथे बहुतेक नवरे "काय मदत करू सांग" म्हणतात आणि तिथेच गाडी अडते. सांगायचं काम तिच्याकडेच राहतं. त्यापेक्षा एखादा सबंध तुकडा उचला. तुमच्या बाबतीत मला मुलाची सकाळ सुचते. त्याला उठवण्यापासून बसमध्ये चढवण्यापर्यंत सगळं तुमचं: आदल्या रात्री डायरी वाचणं, गणवेश, डबा, पाण्याची बाटली, हस्तकलेला रंगीत कागद हवेत का ते बघणं. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्ही असा आणि उत्तरं तुम्ही द्या. पहिल्या आठवड्यात डबा विसरेल, होऊ द्या. तिनं मागून येऊन तपासायचं नाही आणि तुम्ही तिला विचारायचं नाही. दुसरा तुकडा म्हणजे मुलीचं लसीकरण. राष्ट्रीय वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणी लशीचा बूस्टर सोळा ते चोवीस महिन्यांत असतो, म्हणजे तो आता येतोच आहे. कार्ड तुमच्या बॅगेत ठेवा, डॉक्टरांची वेळ तुम्ही घ्या, रजा तुम्ही टाका, आणि लस दिल्यावर ताप आला तर त्या रात्री तुम्ही जागा.

मोबाइलबद्दल एक बोलायलाच हवं, कारण यावरून घराघरांत भांडणं होतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय की एक वर्षाच्या मुलांना स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांच्यांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. हे बायकोला तुमच्याइतकंच माहीत आहे. तरी कॉल आला की ती बडबडगीतं लावून देते आणि मग आतल्या आत जळत राहते. तुम्ही घरी येऊन "पुन्हा मोबाइल दिलास?" म्हणालात, तर दिवसभराच्या कामाची किंमत त्या एका वाक्यात शून्य होते. स्क्रीन कमी व्हावी असं मनापासून वाटत असेल तर तिचा रोजचा न चुकणारा कॉल कुठल्या वेळेला असतो ते विचारा आणि त्या वेळेला मुलीजवळ कुणीतरी असेल याची सोय करा. ते होईपर्यंत बडबडगीतांबद्दल काही बोलू नका.

तुमच्या आईंशी बोलायचं ते तुम्ही. हे काम बायकोवर ढकलू नका, कारण तिनं "मला काम आहे" म्हटलं की ते उलट उत्तर ठरतं आणि तुम्ही म्हटलं की तो घराचा नियम होतो. "आई, अकरा ते एक तिचं ऑफिस असतं. मी परळला असतो तेव्हा तू मला हाक मारत नाहीस ना, तसंच ती त्या वेळात घरात नाही असं समज. काही लागलं तर मला फोन कर." आणि मग तो फोन खरंच उचला. आईंनाही दिवसात दोन तास मोकळे मिळाले पाहिजेत, त्यांच्या मालिकेसाठी, देवळासाठी, नुसतं पडायला. गाव, घर, ओळखी सोडून त्या तुमच्यासाठी इथे सातव्या मजल्यावर राहताहेत. घरात त्यांचंही कौतुक मोठ्यानं होऊ द्या. दमलेल्या सासूला सुनेचं दमणं दिसत नाही, आणि सुनेचंही तसंच होतं.

पाहुण्यांसमोर तुम्ही काय बोलता याकडेही लक्ष द्या. कुणीतरी म्हणणारच, "बरं आहे बाई तुझं, घरी बसून पगार." त्या क्षणी तुम्ही हसून गप्प राहिलात की ती साडी पुन्हा कपाटात जाते. तिथल्या तिथे, न भांडता सांगा: "वहिनी, तिची पूर्ण वेळाची नोकरी आहे. काल तर रात्री अकराला लॅपटॉप मिटला तिनं." एवढं पुरतं. हे तुम्ही तिच्यादेखत बोललात तर तिला त्या दिवशी दुसरं काही नको असेल.

आणि तिच्या नोकरीबद्दल विचारा. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. या मुलींचं आई म्हणून थोडंफार कौतुक होतं, "किती करते गं पोरांचं" असं कुणीतरी म्हणतं. पण ती ऑफिसात काय करते हे घरात कुणाला धड सांगता येत नाही. माझ्याकडे दारात उभ्या राहून आया बाळाच्या शीबद्दल बोलतात, आणि मी सहज विचारलं की "तुझं ते ऑडिट झालं का?", तर त्यांचा चेहराच बदलतो, दहा मिनिटं हलत नाहीत. तुमची बायको क्लेम तपासते. तिला विचारा, खोटा दावा कसा ओळखते, या महिन्यात सगळ्यात किचकट केस कुठली आली, वरिष्ठ कसे आहेत, बढतीचं काय झालं. घरून काम करणाऱ्या आया स्वतःच बढतीचं नाव काढत नाहीत, "आत्ता जमणार नाही" म्हणतात. जमेल की नाही हे ठरवताना तुम्ही तिच्या बाजूला बसा आणि कोणते तास तुम्ही उचलणार ते आकड्यात सांगा. "तू किती ग्रेट आहेस" या वाक्यापेक्षा "मंगळवार-गुरुवार मी सातला घरी असेन, त्या दिवशी तू उशिराचे कॉल घे" हे तिला जास्त ऐकायचं असतं.

आता पाळणाघर. माझा धंदा आहे म्हणून सांगत नाही. मुलगी अर्धा दिवस कुठे ठेवायची म्हटलं की "आई घरात असताना?" असा प्रश्न घरातूनच येतो. त्याचं उत्तर वर दिलंय: आई घरात असते, मोकळी नसते. आधी तिच्या कंपनीत विचारा. 2017 च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीनं 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा दिली. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. रजेनंतर घरून काम करायची मुभाही 2017 च्याच दुरुस्तीत आली, कामाचं स्वरूप बघून आणि कंपनी व आई या दोघांच्या संमतीनं. बरेच जण यातलं एक मिळालं की दुसरं मागतच नाहीत.

कंपनीचं नसेल किंवा लांब पडत असेल तर चालत जाण्याच्या अंतरावरचं शोधा. बघायला दुपारी बारा-साडेबाराला जा, न कळवता. ती जेवणाची आणि झोपेची वेळ, तेव्हा पाळणाघर जसं असतं तसं दिसतं. लहान मुलं किती आणि ताई किती ते मोजा. बादल्या, गॅलरीचं ग्रिल, स्विचबोर्ड बघा. मूल आजारी पडलं तर काय करता, हे विचारा. दाखवायला वही आहे का तेही विचारा. खर्च दोघांच्या पगारातून काढा, तिच्या एकटीच्या पगारातून वजा करू नका. "पाळणाघरात गेले, मग तुझ्या नोकरीत उरलं काय" हा हिशेब चुकीचा आहे, मुलगी दोघांची आहे.

पहिले आठ-दहा दिवस सकाळी सोडायला तुम्ही जा. रडणारी लेक ताईंच्या हातात देऊन लगेच मीटिंगला बसणं आईला फार जड जातं. आणि तिथल्या फॉर्मवर आधी कुणाला फोन करायचा ती जागा असते. बहुतेक बाबा तिथे न विचारता आईचा नंबर लिहून टाकतात. तुम्ही तुमचा लिहा.